कापलेला फिल्टर

"आई, इंजिन संपलंय. उद्या सकाळी भंगारवाला येतोय," मंदार म्हणाला. बावीस वर्षांची गाडी रोज सकाळी चालू होताना अशी खडखडायची की अख्खी गल्ली जागी व्हायची.

आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरचं काम शिकवलेल्या कुमुदताईंनी गाडीचा ऑइल फिल्टर काढला आणि हॅक्सॉने कापून उघडला. आतलं रबर पापडासारखं कडक झालं होतं.

"हे ऑइल धरत नाही. रात्रभरात सगळं खाली उतरतं, सकाळी इंजिन कोरडं फिरतं, म्हणून ओरडतं. कुठला आणलास हा?"

"स्वस्तातला. जुन्या गाडीला भारी कशाला?"

"म्हणजे म्हाताऱ्या माणसाला शिळंपाकं वाढायचं?"

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः चांगला फिल्टर आणून बसवला, नवं ऑइल भरलं.

सकाळी भंगारवाल्याने बेल वाजवली तेव्हा मंदारला जाग आली. तो डोळे चोळत बाहेर आला, तर आई स्टिअरिंगवर बसलेली.

भंगारवाल्याने बॉनेटवर थाप मारली. "बंदच पडलीय ना, ताई? ढकलू का?"

"बाजूला हो बाबा. चालूच आहे," म्हणत कुमुदताईंनी पहिला गिअर टाकला.