चौरंगीचा चार नंबर

अहवालाचं सातवं पान उलटलं आणि अमरसिंहांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ह्ये कुणाचं नाव लिवलंय?"

"चार नंबरचं," अक्षता म्हणाली. "प्रसेनदादाचं."

तालमीच्या माडीवर बसलेले सगळे पुढं सरसावले. चौरंगी तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाची नोंदणी पंधरा दिवसांवर आली होती. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, हे ठरवायला अध्यक्ष अमरसिंहांनी बैठक बोलावली होती. अक्षता याच पेठेतली. पुण्याहून सामन्यांच्या विश्लेषणाचा कोर्स करून आलेली. गेला हंगामभर गॅलरीच्या टोकाला कॅमेरा लावून तिनं प्रत्येक सामना टिपला होता.

पहिली सहा पानं सगळ्यांना पटली होती. दोन उंच परदेशी फॉरवर्ड आणायचा बेत तिनं खोडून काढला होता. आपण चेंडू जमिनीवरून खेळतो, मग उंच माणसाच्या डोक्यावर तो टाकणार कोण, असं तिनं विचारलं तेव्हा जुने खेळाडू हसलेसुद्धा होते.

आता कुणी हसत नव्हतं.

प्रसेनजीत तेहेतीस वर्षांचा होता. बारा वर्षं बचावाच्या मधोमध उभा राहिलेला, त्यातली सात कप्तान म्हणून. त्याचे वडीलही चौरंगीकडूनच खेळले होते.

"पोरी, पेठंतला माणूस हाय त्यो," अमरसिंह म्हणाले. "पेठंतल्या माणसानं तालीम सोडायची नसती आणि तालमीनं त्येला सोडायचं नसतं."

"अध्यक्षसाहेब, कोच कृष्णात सर आता सगळा संघ वर चढवून खेळवतात. बचावाची फळी मैदानाच्या मध्यापर्यंत जाते. मागं मोकळं रान राहतं. तिथं चेंडू पडला तर पळत माघारी येणारा माणूस पाहिजे. गेल्या वर्षी सोळा गोल खाल्ले, त्यातले अकरा तिथनं झाले. जयसिंगपूरचा संघर्ष नावाचा पोरगा तसा पळतो, त्याला घेऊया. प्रसेनदादाचे पाय आता तेवढे चालत न्हाईत."

"आणि ह्ये खाली काय?"

"बचाव गोलाजवळ ठेवणाऱ्या संघात प्रसेनदादा अजून तीन वर्षं खेळेल. कागलचा संघ तसा खेळतो."

अमरसिंहांनी कोचकडं बघितलं. कृष्णात सरांनी सातवं पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "वाईट वाटतंय. पण खेळाच्या दृष्टीनं एक अक्षर चुकलेलं न्हाय."

प्रसेनजीतला बोलावून सांगितलं. तो दारातच उभा राहिला. कप्तानाची दंडावरची पट्टी खिशातून काढून त्यानं टेबलावर ठेवली.

"तालमीचा निर्णय हाय. मी काय बोलणार," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला. अमरसिंहांनी रुमाल डोळ्यांना लावला. अक्षता कागद गोळा करत राहिली.

संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी पसरली. आठवड्याभरात प्रसेनजीत कागलला गेला. निघताना त्याच्या मागं मोटरसायकलींची रांग लागली होती.

अक्षता दिसली की लोक बोलायचे थांबू लागले. शाळेपासूनची मैत्रीण शिवानी समोरून येताना रस्ता ओलांडून पलीकडं गेली. चहाच्या गाड्यावर कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं, "कॉम्प्युटरला काय पेठ असती व्हय?"

तिचे वडील अण्णासो रोज तालमीच्या कट्ट्यावर बसायचे. ते जायचे बंद झाले. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "खरंच तूच काढलंस का गं त्येला?"

"माझ्याच अहवालात नाव होतं, अण्णा."

"असं नव्हतं करायचं."

तिनं ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. अण्णा उठून गेले. त्यानंतर घरातही कामापुरतंच बोलणं उरलं.

संघ मात्र जिंकत गेला. प्रसेनजीतच्या जागी आलेला संघर्ष वाऱ्यासारखा माघारी यायचा. सहा सामन्यांत चौरंगीनं दोनच गोल खाल्ले. प्रत्येक विजयानंतर पोरं कोचला खांद्यावर घ्यायची. अक्षता गॅलरीच्या टोकाला एकटी असायची. तिच्या दोन्ही बाजूंच्या पायऱ्या रिकाम्या असायच्या, बाकी स्टेडियम भरलेलं असलं तरी.

उपांत्य सामना कागलशी पडला. प्रसेनजीत मैदानात उतरला तेव्हा चौरंगीची सगळी गॅलरी उभी राहिली. विरोधी संघाच्या खेळाडूसाठी पेठेनं अशा टाळ्या कधी वाजवल्या नव्हत्या. तो गोलासमोर भिंतीसारखा खेळला. डोक्यानं चेंडू काढत होता, ओरडून पोरांना जागेवर आणत होता. शेवटच्या पाच मिनिटांत चौरंगीनं कसाबसा एक गोल केला.

सामना संपल्यावर अमरसिंहांनी स्वतः मैदानात जाऊन प्रसेनजीतच्या गळ्यात हार घातला. "तू आमचाच हायस," म्हणाले. "आमी तुला टाकलं, तू आमाला टाकलं न्हाईस." म्हाताऱ्या खेळाडूंनी त्याला मिठ्या मारल्या.

अक्षता वर कॅमेऱ्याचा स्टँड मिटत होती. तिनं पुण्याच्या एका क्लबला अर्ज पाठवला होता. घरी अजून सांगितलं नव्हतं.

प्रसेनजीत हारासकट पायऱ्या चढत तिच्याकडं येताना दिसला, तशी सगळी गॅलरी वळून बघू लागली.

"बघा," खालून कुणीतरी म्हणालं, "तरीबी तिच्याशी बोलाय निघालाय. मन मोठं लागतं."

तो तिच्याजवळ आला. लोकांना दिसेल असा तिच्या डोक्यावर हात ठेवला, हसला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"कागलला मलाच जायचं हुतं, म्हणून माझं नाव मीच तुला घालाय लावलं, ह्ये अजून कुणाला बोलली न्हाईस न्हवं?"