जन्माचा दिवस धरून

वॉर्डात निळा उजेड होता आणि त्या उजेडात लेकरं काचेच्या पेट्यांत माशांसारखी निजली होती. खिडकीबाहेर कार्डिफ होतं की नुसतं धुकं, कळत नव्हतं. निवेदिता खुर्चीत बसली होती. तिच्या शालीखाली तिची मुलगी, जन्मली तेव्हा श्वास न धरणारी, आज पहिल्यांदा नळीशिवाय अंगावर पीत होती.

निवेदिताचे डोळे मिटत होते. काल सहावी रात्र. पाळण्याखाली कोरा कागद आणि पेन तिनेच ठेवलं होतं. सटवाई आली ती नर्सच्या गणवेशात. आधी हातांना सॅनिटायझर चोळलं, मग पोरीच्या कपाळावर काहीतरी लिहिलं. वाचता आलं नाही. अक्षर डॉक्टरचं होतं.

"एचआरवाली म्हणते, सात दिवस झालेच नाहीत."

तिने डोळे उघडले. नवरा, यतीन, हातात फोन घेऊन समोर उभा होता.

"गुरुवारी झाली. आज बुधवार. मोज ना."

"आपण जन्माचा दिवस पहिला धरतो गं. पाचवी, सटवी, बारसं, सगळं तसंच. हे लोक दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. उद्याचा दिवस संपेल तेव्हा कुठे सात."

नियम असा होता: बाळ सलग सात दिवस असल्या वॉर्डात राहिलं, तर आईबापाला एकेक जादा आठवडा पगारी रजा. सहा दिवस राहिलं तर काही नाही. सहा दिवस जीव मुठीत धरून बसलेला बाप यांच्या लेखी सहलीला आलेला. ज्याने हे ठरवलं त्याने या खुर्चीत एक दुपार काढून दाखवावी. बाप झाल्याची म्हणून मिळालेली दोन आठवड्यांची रजा, त्यातला एक इथेच गेला. दुसरा संपला की यतीन ऑफिसात, आणि घरी ही एकटी. सिझर झालेलं, खुर्चीतून उठायला अजून त्याचा हात लागतो.

नर्स ग्वेन पडद्याआडून डोकावली. "डॉक्टर राउंडला येतायत, कॅरिआद. पीत असेल तर आज चार वाजता घरी!" आणि हसत पुढे गेली. इथल्या वेल्श भाषेत कॅरिआद म्हणजे लाडके; ती सगळ्यांनाच म्हणायची.

यतीन खाली वाकला. "निवी, म्हण की नीट पीत नाही. दोन रात्रींचा तर प्रश्न आहे."

"आपल्या तोंडाने लेकराचं असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

"ही वेल्श वास्तू आहे. तिला मराठी कुठलं येतंय?"

"बोलायचंय इंग्लिशमध्येच ना?"

दोघांनाही हसू आलं. ते फार टिकलं नाही.

"आणि ही जागा?" निवेदिता म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू खाली लेबर वॉर्डात वाट बघत असेल."

"ते मला नको सांगूस. ज्यांनी मोजलं त्यांना सांग."

बुटांचा आवाज जवळ आला. डॉक्टरबाई उंच, थकलेल्या, केसांत पेन खोचलेलं. तक्ता हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मग? पितेय का आज?"

निवेदिताने यतीनकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. निळ्या उजेडात सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. बोललेलं वर पोचणारच नाही, असं. तिने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"नाही," ती म्हणाली. "ओढतच नाही."

डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. काही बाळांना वेळ लागतो. शुक्रवारपर्यंत बघू." त्यांनी केसांतलं पेन काढलं आणि तिथेच उभ्याने लिहायला लागल्या.

शालीखालून गट, गट आवाज येत होता.

निवेदिता मोठ्याने खोकली. टाके चरचरले. आवाज काही थांबेना, म्हणून ती पुन्हा खोकली.