एका अक्षराची दुरुस्ती

‘हा दगड माझा नाही,’ म्हातारा नावाडी म्हणाला.

पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. काळ्या दगडावर दोनच शब्द कोरलेले होते. शिरोरेषा ताणलेल्या सुतासारखी सरळ, अक्षरं टपोरी: ‘याने तारले’. तीन दिवसांचं काम होतं ते. नावाडी जिवंतपणीच आपल्या कबरीचा दगड करवून घेत होता, आणि आज बायकोला घेऊन तो बघायला आला होता. नवी चप्पल पायात घालून बघावी, तसा.

‘चिठ्ठीत मी काय लिहिलं होतं?’

पाथरवटाने फळीवरची चिठ्ठी उचलली. वाकड्यातिकड्या अक्षरांत तिच्यावर होतं: ‘याला तारले’.

‘काका, ती चूक होती. मी दुरुस्त केली.’ पाथरवटाची ख्यातीच ती होती. लोक दुःखात चिठ्ठ्या लिहितात, काना-मात्रा विसरतात. त्याच्या हातून मात्र चुकीचं अक्षर कधी दगडात गेलं नव्हतं. ‘पुरात उड्या मारून माणसं काढलीत तुम्ही. मी आठ वर्षांचा होतो, मलाही काढलंत. तुम्हीच सगळ्यांना तारलंत. तुम्हाला कोण तारणार?’

‘तेच तर लिहायला सांगितलं होतं.’

नावाडी बाकड्यावर टेकला. उन्हात दगडाची भुकटी तरंगत होती, पिठासारखी.

‘तिशीपर्यंत मी कसला माणूस होतो, हिला विचार.’

‘नको विचारूस, बाळा,’ बायको म्हणाली. ‘आता कुठे विसरत आलेय.’

‘होडी पाण्यात आणि मी दारूत. एका सकाळी नदीच्या वळणावर एकटाच बसलो होतो. म्हटलं, प्रभू, तुला दाखवायला माझ्याकडे एकसुद्धा चांगली गोष्ट नाही. आहे तसा घे. त्याने घेतलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर अख्खा हात मिळाला. तोवर मी पाण्यातून मांजराचं पिल्लूसुद्धा काढलेलं नव्हतं, लेका. आणि आता या दगडाखाली पडून जगाला सांगू, की तारणारा तो मीच? कसली झोप लागायची मला? आणि त्याच्या दारात उभा राहू ते कोणत्या तोंडाने?’

‘पण तुम्ही केलंत ते खोटं आहे का?’

‘त्या दिवशी पाण्यात तू काय केलं होतंस?’

‘मी काय करणार? ओरडलो. तुम्ही हात दिलात, तो धरला.’

‘मीही तेवढंच केलं. विश्वास म्हणतात तो एवढाच. दिलेला हात धरायचा.’

पाथरवटाने कोरलेल्या अक्षरांकडे पाहिलं. कागदावरचं पुसता येतं, पाटीवरचं पुसता येतं. दगडातल्या ‘ने’चा ‘ला’ होत नाही. सगळा थरच घासून काढावा लागतो. त्याने घासायचा जाड दगड हातात घेतला, पाण्यात बुडवला, आणि तसाच धरून राहिला.

‘घासतो,’ तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. ‘पण काका, या दोन शब्दांत मी पण आहे. त्या दिवसानंतरचं माझं सगळं आयुष्य आहे.’

नावाड्याने मान खाली घातली.

बायको मघापासून कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. तिने मागे न बघताच विचारलं, ‘अहो, हात धरलात हे खरं. पण त्यानंतर हातावर हात ठेवून बसलात का कधी?’

‘म्हणजे?’

‘पाण्याकडून हाक आली की भरल्या ताटावरून उठायचात. दोन घास तरी खाऊन जा म्हणून मी मागून ओरडायची. कशाला पळायचात? वर जागा अडवून ठेवायला?’

‘छे. जागा तर आधीच मिळाली होती.’

‘मग?’

‘राहवायचं नाही,’ तो म्हणाला. ‘पाण्याबाहेर कुणाचा हात दिसला, की तो माझाच वाटायचा.’

‘बघा. म्हणजे तुमचा विश्वास काही छातीत कोंडून बसला नाही. हातात उतरला. माझी जेवणं गार झाली ती त्याच्यापायीच.’

पाथरवटाला हसू फुटलं. नावाडीही हसला, दात नसलेल्या तोंडाने, मनापासून.

बायकोने दोन शब्दांच्या वरच्या कोऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. ‘इथे काय यायचंय?’

‘काकांचं नाव.’

‘नाव कशाला? काठावर सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि वर ज्याला लागणार त्यालाही. तू काही घासू नकोस, बाळा. इथे यांचं लिही, चिठ्ठीत आहे तसंच. आणि त्याच्या पुढे एक लहानसा शब्द जोड, म्हणजे तुम्हा दोघांचंही भागेल.’ आणि तिने तो शब्द सांगितला.

पाथरवटाने नावाड्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने शब्द ओठांवर दोनदा घोळवून बघितला, मग मान हलवली. ‘लिही. याच्याखाली झोप येईल मला.’

छिन्नी दुपारपर्यंत वाजत राहिली. ती दोघं तिथेच बाकड्यावर बसून राहिली. घरून आणलेली भाकरी त्यांनी या वेळी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मग पाथरवटाने भुकटी फुंकली, ओल्या फडक्याने दगड पुसला आणि बाजूला झाला. बायकोने एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्याने वाचलं:

‘याला तारले, म्हणून
याने तारले.’