तिसरी मांडणी

काळे चौकोन पन्नास, पांढरे बाण सतरा, अडथळे अकरा. टोकाला एक दार.

फरशीवाल्याने दवाखान्यातल्या काचेतून दोनदा मोजलं. जन्मभर फरश्या बसवलेल्या माणसाला खोली दिसली की मोजल्याशिवाय राहवत नाही. शिवाय त्या चौकोनांवरून त्याची नऊ वर्षांची मुलगी चालत होती.

आतला उजेड एक लक्सवर आणला होता, म्हणजे दोन पावलांवरच्या एका मेणबत्तीएवढा. भिंत चाचपत चालायची म्हणून घरात तिला मुंगीच म्हणत. मुंगी वाकून बाण शोधत होती. पाय टोपलीत अडकला, खांदा खांबाला लागला. अडथळ्यांच्या या तिसऱ्या मांडणीत एकूण सहा धडका. चाचणीवाल्या ताईंनी कागदावर सहाचा आकडा लिहिला आणि काचेकडे बघून हसल्या.

कीव करतायत, असं त्याला वाटलं. त्याने मान खाली घातली.

"ही नुसती रंगीत तालीम," ताई बाहेर येऊन म्हणाल्या. "आज चालली त्याच तीन मांडण्या. खरी चाचणी पुढच्या महिन्यात, तेव्हा यातली कुठलीही एक येईल."

"किती धडका चालतात?"

"ते आधी कुणालाच सांगत नाही आम्ही. डोळ्यांना जे दिसतं तेवढंच कळू दे."

बाकीचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मुंगीच्या एका जनुकात एका अक्षराची चूक होती. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पोटात ते जनुक दुरुस्त करून भरायचं आणि सुईने डोळ्याच्या पडद्याखाली सोडायचं. परदेशातली काही मुलं त्यानंतर अंधुक उजेडात सायकल चालवायला लागली होती. इथे जागा आठ. सात भरल्या होत्या, आणि आठव्या जागेसाठी मुंगी आणि आणखी एक मुलगा.

"पुढच्या तुकडीत बसवता येईल का?" त्याने विचारलं होतं.

"पुढची तुकडी तीन वर्षांनी. तोवर तिच्या पेशी टिकतील का, सांगता येत नाही. मेलेली पेशी या औषधाने परत येत नाही."

दुसऱ्या दिवशी, ज्या रिकाम्या घरात त्याचं काम चालू होतं तिथल्या मोठ्या खोलीत त्याने खडूने पन्नास चौकोन आखले. अडथळ्यांच्या जागी बादल्या, लाकडी फळ्या, सिमेंटची दुमडलेली पोती. शाळा सुटल्यावर मुंगीला तिथे आणलं आणि तिच्या डोळ्यांवर आईची ओढणी बांधली.

"पहिली मांडणी. दोन सरळ, एक डावीकडे, पाय उचल, तीन सरळ."

डबा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. "अहो, दवाखान्यातली चाचणी आहे ती. पाढे आहेत का पाठ करायला?"

"पाठ करूनच पास होतात सगळे. आपण नाही झालो?"

"तुम्ही कुठे झालात?"

मुंगी ओढणीखाली खुदकन हसली आणि बादलीवर आदळली.

"आणि पास व्हायचं, असं कुठे लिहिलंय?" बायकोने विचारलं.

"चाचणीच्या माहितीची पंधरा पानं दिलीत त्यांनी. परीक्षेत पास व्हायचं असतं, हे कळायला पंधरा पानं कशाला वाचायला हवीत?"

पहिल्या आठवड्यात मुंगीच्या दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात ती जेवतानाही पाटाखाली पायाच्या बोटांनी वळणं घेऊ लागली. सरावाच्या मधल्या सुट्टीत ती उरलेल्या फरश्यांचे तुकडे रंगाप्रमाणे लावत बसे. ऊन उतरलं की निळे आणि राखाडी एकाच ढिगात जात.

"बाबा, औषधानंतर हे दोन वेगळे दिसतील?"

"दिसतील."

"संध्याकाळीपण?"

"संध्याकाळीपण," तो म्हणाला आणि थापी शोधू लागला. थापी त्याच्या हातातच होती.

"पण मला दिसत नाही, हे त्यांना कळलं तर?"

"नाही कळणार. तू फक्त मोजत राहा."

चाचणीच्या दिवशी तो आणि मुंगी बंद दाराबाहेर बसले होते, बायको बाजूला उभी होती. आतून ताईंचा आवाज आला, मदतनिसाला सांगत होत्या, "तिसरी लाव."

त्याने मुंगीचा तळहात तीनदा दाबला. तिने मान हलवली.

उजेड उतरत उतरत एक लक्सवर आला. मुंगी निघाली. ती एकदाही वाकली नाही. हनुवटी वर, ओठ किंचित हलतायत, टोपलीला वळसा, फळीवरून पाय, खांबापासून वीतभर अंतर. ताईंचं पेन कागदावर टेकलं होतं, पण हललं नाही. या वेळी त्या हसल्याही नाहीत.

"परत एकदा चालशील का, बाळा?"

मुंगी परत चालली, तशीच. डॉक्टर काचेपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी हातातल्या तिच्या पडद्याच्या फोटोकडे पाहिलं, मग मुंगीकडे पाहिलं, आणि निघून गेले.

"एकसुद्धा नाही, बाबा," बाहेर येऊन ती त्याच्या कानात म्हणाली. कितीतरी वर्षांनी त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं. बायकोने पदराने डोळे पुसले. "पोरीने नाव काढलं हो," ती म्हणाली.

आठव्या दिवशी दवाखान्याचं पाकीट आलं. उन्हं कलली होती. तिघं उंबऱ्याशी बसले.

"मोठ्याने वाच ना, आई. या उजेडात मला अक्षरं लागत नाहीत."

आईने कागद उलगडला. शेवटपर्यंत मनातच वाचला आणि त्याच्या हातात दिला. ओळी तीनच होत्या.

चाचणीचा उजेड: एक लक्स.

औषधासाठी निवड होण्यास आवश्यक धडका: किमान चार.

झालेल्या धडका: शून्य.