बोटांचा अभ्यास

"आई, केस धुतलेस का? मॅडमनी विचारलंय."

सीमंतिनीने उशीवरची मान वळवली. यशोधन शाळेचा गणवेश घालून पलंगापाशी उभा होता.

"माझ्या केसांशी मॅडमना काय करायचंय?"

"मला तीन पेडांची वेणी घालायचीये. बोटांची एक्सरसाइज आहे. धुतले नाहीत तर गुंता होतो ना!"

जन्माच्या वेळी श्वास कोंडला, तेव्हापासून यशोधनचा उजवा हात आखडलेला होता. सहावीपासून शाळेत त्याच्यासाठी सोनिका मॅडम यायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पेन कसं धरायचं, डबा कसा उघडायचा, बटण कसं लावायचं, असल्या रोजच्या गोष्टी त्या मुलांना शिकवायच्या. यशोधन आता नववीत होता.

सीमंतिनी उठली आणि तिने केस धुतले. नाही म्हणायलाही काही बोलावं लागलं असतं, त्यापेक्षा हे सोपं.

गुरुप्रसाद जाऊन चौदा महिने झाले होते. नवरा गेला तरी बाईच्या डोळ्यांतून टिपूस नाही, किती खंबीर, असं नया बाजारातल्या त्यांच्या गल्लीत सगळे म्हणत. खंबीर कसली! तिला काही वाटतच नव्हतं. भूक नाही, झोप नाही, रडूही नाही. एकच गोष्ट अजून तिच्यापर्यंत पोचत होती. यशोधनला दहावीचे पेपर स्वतःच्या हाताने लिहायचे होते, लेखनिक नको होता. "घरचा अभ्यास नीट झाला तरच मॅडम हो म्हणतील," असं त्याने दिवाळीनंतर सांगितलं होतं. आपल्यापायी पोराचं एवढंही बुडायला नको, म्हणून ती उठायची.

अभ्यास मात्र जगावेगळा होता. मॅडम सांगायच्या आणि यशोधन निरोप आणायचा.

आधी डाळींचा निरोप आला. चार डाळी एकत्र करायच्या आणि यशोधनने बोटांनी वेगळ्या करायच्या. इथवर ठीक. पण त्या दाल बाजारात जाऊन आईनेच आणायच्या, दाणा हातात घेऊन पारखून.

"फोनवरून मागव की," ती म्हणाली.

"पॅकेटवाली चालत नाही गं. दाणे सगळे सेम टू सेम येतात."

ती गेली. दुकानदार म्हणाला, "बहुत दिनों बाद आईं, भाभीजी." तिने नुसती मान हलवली. परत येताना इंदरगंजच्या चौकात बराच वेळ उभी राहिली. मग लोक निघाले, तशी त्यांच्याबरोबर तिनेही रस्ता ओलांडला.

नंतर जेवणाचा निरोप. यशोधनने चमचा सोडून हाताने घास करायचा, आणि समोर कोणीतरी तसंच जेवायचं, बघून शिकता यावं म्हणून.

"बसते मी समोर."

"बसण्याचं काय बघू? जेव ना तू पण."

ती जेवली. चव लागली नाही, पण ताट संपलं. दुसऱ्या दिवशीही संपलं. पुढे पुढे पोळ्या करताना तिचा अंदाज आपसूक दोघांचा होऊ लागला.

रविवारी कॅरम. त्याला चार माणसं हवीत, म्हणून समोरच्या शालिनीताईंना आणि त्यांच्या सुनेला बोलवायचं, तेही आईने. शालिनीताईंच्या तोंडाला काही हिशेब नसे. एकदा यशोधनने राणी घेतली आणि पुढची सोंगटी चुकवली. तो शालिनीताईंचा जोडीदार. त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला, की सीमंतिनीला खुदकन हसू आलं. लगेच तिने पदर तोंडाला लावला. तिला स्वतःची लाज वाटली.

यशोधनने मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं.

"काय रे?"

"स्कोअर लिहितोय."

फेब्रुवारीत आढाव्याचं बोलावणं आलं. आईने स्वतः शाळेत यायचं होतं. सीमंतिनीने इस्त्रीची साडी नेसली. शाळेच्या पायऱ्या चढताना छातीत धडधडायला लागलं. आपल्याला भीती वाटतेय, हे तिला जरा उशिराच कळलं.

सोनिका मॅडम पोरसवदा दिसत होत्या. सहावीच्या सुरुवातीला एकदा भेट झाली होती, तेवढीच.

"नमस्ते आंटी, बैठिए ना."

यशोधन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सीमंतिनीने सरळच विचारलं.

"मैडम, ये दसवीं का पेपर अपने हाथ से लिख पाएगा ना? हमने सब किया है. एक दिन भी नहीं छोड़ा."

सोनिका मॅडम गोंधळल्या.

"वो तो आठवीं से लिख ही रहा है, आंटी. थोड़ा एक्स्ट्रा टाइम लगता है, बस. उसकी थेरपी तो कब की पूरी हो गई."

आठवीत असतानाच त्याचे बाबा गेले होते. त्यानंतर सीमंतिनीने त्याची एकही वही उघडली नव्हती.

"मग मंगळवारी, शुक्रवारी..." ती मराठीतच बोलून गेली आणि यशोधनकडे वळली.

सोनिका मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी टेबलावरची पिवळी फाइल सीमंतिनीपुढे सरकवली.

"ये आप ही देख लीजिए."

आत छापील फॉर्म होता. थेरपीला येणाऱ्या प्रत्येक मुलाचा भरतात, तोच. खाली उद्दिष्टं होती. सकाळी आठच्या आत उठणे. रोज अंघोळ करणे. एकटीने बाजारात जाणे. दोन वेळा बसून जेवणे. घराबाहेरच्या माणसाशी बोलणे. हसणे. प्रत्येकापुढे तारीख, आणि तारखेपुढे बरोबरची खूण. हसण्यापुढे एकच तारीख होती, एका रविवारची.

तिची नजर पुन्हा पानाच्या वरच्या टोकाला गेली. विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, सीमंतिनी गुरुप्रसाद पागनीस.

आणि पानाच्या तळाशी, पालकाच्या सहीच्या रेघेवर, थोड्या वाकड्या पण ठाम अक्षरांत यशोधनची सही होती.