महिन्याला तीन सेंटिमीटर

सुपारी सोलताना विळ्यावर देवक्काचं मनगट कापलं आणि मज्जातंतू तुटला. शिरसीच्या दवाखान्यात तो मीच जोडला. तुटलेले मज्जातंतू पुन्हा कसे वाढतात, यावरच माझं संशोधन आहे. ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. म्हणून दर महिन्याला मी तिच्या हातावर पेनानं टकटक करत पुढे जाते आणि मुंग्या येतील तिथे, म्हणजे मज्जातंतू पोचला तिथे, शाईचा ठिपका देते.

सहाव्या महिन्यात ठिपका बोटाच्या टोकाला पोचला.

सातव्या महिन्यात पेन चुकून बोटापुढच्या टेबलावर आपटलं, तशी ती कळवळली.

"हळू की, अम्मा!"

"देवक्का, ते लाकूड आहे गं."

"तुमच्यासाठी लाकूड. मला लागतंय ना!"

मी मोजपट्टी लावली. बोटापासून बरोबर तीन सेंटिमीटर. पुढच्या महिन्यात सहा.

दहाव्या महिन्यात ठिपका टेबलावर टेकलेल्या माझ्या डाव्या मनगटाला भिडला.

आज मी तिला बाहेरच्या बाकावरच बसवलं, दार लावून घेतलं आणि पेन माझ्याच डाव्या मनगटावर जोरात आपटलं.

"अगं आई गं! हळू, अम्मा!" दारापलीकडून देवक्का ओरडली.

मला मात्र काहीच लागलं नाही.