अलमेलूअम्माचं मागणं

श्रीरंगमच्या अलमेलूअम्माला ज्याच्या त्याच्यात रंगनाथ दिसायचा. दारात दूधवाला आला तरी ती हात जोडायची. मुलगा सौरी चिडवायचा, "अम्मा, आधी त्याच्या दुधातलं पाणी बघ, मग त्याच्यातला देव बघ!"

पुढे अम्माला विसर पडू लागला. माणसांची नावं गेली, नाती गेली, न्हाणीघराची वाटसुद्धा गेली. सौरी चेन्नईतली नोकरी सोडून घरी आला. तिला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, भरवणं, सगळं तोच करायचा.

काल दुपारी तो दहीभात भरवत असताना अम्माने एकाएकी त्याचं मनगट धरलं. त्याच्या तोंडाकडे टक लावून बघता बघता तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. वर्षभर सौरी याच नजरेची वाट बघत होता.

"ओळखलंस, अम्मा?"

"ओळखणार नाही होय? रंगा, तूच रे! या म्हातारीसाठी स्वतः राबतोस?" ती त्याच्या पायाशी वाकायला लागली. त्याने घाईघाईने तिला सावरलं. "एकच मागते, देवा. माझ्या सौरीला एकदा भेटव."

"अम्मा, अगं मीच सौरी! नीट बघ ना."

तिने पुष्कळ वेळ बघितलं. मग हळूच त्याचा हात थोपटला.

 

"माझी समजूत काढायला त्याचं सोंग नको घेऊस, रंगा. नसेल त्याला सवड. तू रागावू नकोस हं त्याच्यावर."